समोर दोन पेट्या, भाकीत कालच झालेलं. तुम्ही काय उचलाल?

लंबक (धागाकर्ता)

बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचं मनात होतं. काथ्याकूट होणार हे गृहीत धरूनच टाकतोय.

समोर दोन पेट्या आहेत. एक काचेची, आत १,००० डॉलर दिसताहेत. दुसरी बंद, तिच्यात एकतर १० लाख डॉलर आहेत, नाहीतर काहीच नाही. तुम्ही फक्त बंद पेटी घेऊ शकता किंवा दोन्ही. गोम अशी, की माणसं ओळखण्यात क्वचितच चुकणाऱ्या कुणीतरी काल तुमच्याबद्दल भाकीत केलंय. तुम्ही फक्त बंद पेटी घ्याल असं त्याला वाटलं असेल तर त्यानं तिच्यात १० लाख ठेवले. दोन्ही घ्याल असं वाटलं असेल तर ती रिकामी ठेवली. पैसे ठेवून तो निघूनही गेला. आता तुमची पाळी.

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या विल्यम न्यूकम या भौतिकशास्त्रज्ञाला हे १९६० च्या सुमारास सुचलं. छापून आलं ते १९६९ मध्ये, रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाच्या लेखात. मग १९७३ मध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात ते घेतलं आणि एवढी पत्रं आली की ती सगळी नोझिककडे देऊन उत्तराचा लेख त्याच्याकडूनच लिहून घ्यावा लागला. नोझिकनं सुरुवातीलाच एक गंमत नोंदवली होती: ज्याला विचारावं त्याला उत्तर अगदी उघड वाटतं. फक्त निम्म्यांना एक उघड वाटतं, निम्म्यांना दुसरं, आणि दोघांनाही समोरचा खुळा वाटतो.

मी दोन्ही पेट्या घेणाऱ्यांतला. कारण साधं आहे. बंद पेटीत जे आहे ते आहे. मी हात कुठे घालतो यावरून कालचे पैसे उडून जाणार नाहीत की नव्यानं उगवणार नाहीत. आत १० लाख असतील तर दोन्ही घेऊन मला १० लाख १ हजार मिळतील, नसतील तर निदान हजार. कुठल्याही परिस्थितीत दोन्ही घेणं हजारानं सरस.

आता यातला तात्त्विक भाग. रिचर्ड जेफ्रीनं १९६५ मध्ये निर्णयाचं जे गणित मांडलं, त्यात प्रत्येक पर्यायाची किंमत अशी काढायची: 'मी हे केलं' ही बातमी मला कळली, तर जगाबद्दल माझ्या अपेक्षा काय होतील? ज्या कृतीची बातमी सगळ्यात चांगली, ती कृती करा. हा एव्हिडेन्शियल (पुराव्यावर चालणारा) पंथ, आणि तो एकच पेटी घ्यायला सांगतो. १९७० च्या दशकात ॲलन गिबर्ड, विल्यम हार्पर, डेव्हिड लुईस वगैरे मंडळींनी यावर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, कृतीची किंमत तिच्यामुळे काय घडेल यावरून ठरवायची, ती कशाची खूण आहे यावरून नाही. हा कॉजल (कार्यकारणावर चालणारा) पंथ. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवणाऱ्याला आपण हसतो. एकच पेटी घेणारा वेगळं काय करतोय?

मतं येऊ द्या. 'भाकीत करणारा असूच शकत नाही' हा प्रतिसाद कृपया टाळा. तो रोज बरोबर असायची गरज नाही, नाण्यापेक्षा थोडा बरा असला तरी पुरतं.

शेंगदाणा

मुंबईत एक पेटी म्हणजे एक लाख. एका पेटीत दहा पेट्या कशा कोंबल्या ते आधी सांगा. बाकी चालू द्या, वाचतोय.

निशिगंधा

लंबक, 'थोडा बरा' म्हणालात तर हिशोबच करू.

भाकीत १०० पैकी ९० वेळा बरोबर येतं असं धरा. एकच पेटी घेणाऱ्याची सरासरी मिळकत ९ लाख. दोन्ही घेणाऱ्याची १ लाख १ हजार. खेळातले आकडे हेच ठेवले तर भाकीत ५०.०५ टक्क्यांच्या वर गेलं की एकच पेटी घेणारे सरासरीत पुढे जातात. म्हणजे नाण्यापेक्षा केसभर बरा भाकितवाला पुरे.

आता तुमचा पंथ बघा. रांगेत शंभर माणसं उभी आहेत. 'तर्कशुद्ध' लोक हजार घेऊन बाहेर येतात, 'खुळे' लोक १० लाख घेऊन. हे सगळं तुम्हाला आधीच माहीत आहे आणि तरी तुम्ही हजारवाल्यांच्या रांगेत. एवढे हुशार आहात तर श्रीमंत का नाही?

लंबक

@निशिगंधा, हा प्रश्न जवळपास याच शब्दांत लुईसनं १९८१ मध्ये स्वतःलाच विचारला होता. त्याचं उत्तर: इथे बक्षीस ठेवलंय तेच मुळी अतार्किक वागणाऱ्यांसाठी. आम्हाला १० लाखांची संधी कधी मिळालीच नाही. माझ्यासमोरची बंद पेटी रिकामी असेल, तर मी एकच घेतली असती तरी शून्यच हाती आलं असतं. तुमच्या रांगेतल्या माणसासमोर १० लाख भरलेली पेटी होती. दोन्ही घेतल्या असत्या तर त्यालाही हजार जास्तच मिळाले असते. तुलना करायची तर एकाच परिस्थितीतल्या दोन पर्यायांची करा, दोन वेगळ्या नशिबांची नको.

आणखी एक. समजा बंद पेटीची मागची बाजू काचेची आहे आणि तिकडे तुमची सख्खी मैत्रीण उभी आहे. आत काय आहे ते तिला दिसतंय, बोलायची मात्र परवानगी नाही. तुम्ही काय करावं असं तिला मनातून वाटत असेल? पेटी भरलेली दिसो की रिकामी, 'दोन्ही घे बाई' एवढंच तिच्या मनात येणार. तुमचं भलं चिंतणाऱ्या आणि तुमच्यापेक्षा जास्त माहिती असणाऱ्या व्यक्तीचा सल्ला काय आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, आणि तरी तुम्ही तो धुडकावताय.

अर्धाकप

मैत्रिणीचा मुद्दा भारी आहे. पण लंबकराव, 'असेल किंवा नसेल, दोन्हीकडे हेच बरं' या तर्काला फार जुना आजार आहे. माझं दुखणं बरं व्हायचं असेल तर होईल, नसेल तर नाही, मग डॉक्टरचे पैसे कशाला घालवा? असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. ग्रीकांकडे या युक्तिवादाला 'आळशी तर्क' म्हणत आणि रोमन लेखक सिसेरोनं तो नोंदवून ठेवलाय. स्टोइक पंथातल्या ख्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञानं त्याला उत्तर दिलं, की बरं होणं विधिलिखित असेल तर वैद्याला बोलावणंही त्याच लिखिताचा भाग आहे. दोन्ही जोडीनं येतात.

न्यूकमच्या पेटीतही जोडीच आहे की. एक पेटी आणि १० लाख. मग वैद्याला बोलवायचं आणि इथे मात्र दोन्ही पेट्या उचलायच्या, हे कसं?

लंबक

@अर्धाकप, कारण वैद्य औषध देतो. त्याला बोलावल्यानं बरं होण्याची शक्यता *वाढते*. 'दोन्हीकडे हेच बरं' हा तर्क कधी चालतो आणि कधी नाही, तेवढं सांगण्यासाठीच तर कॉजल सिद्धांत हवा. परिस्थिती माझ्या कृतीनं बदलणारी असेल तर तो चालत नाही. नसेल तर चालतो. ख्रिसिपसचं 'जोडीनं येतात' एवढंच धरलं तर औषधानं बरं होणं आणि बातमीनं बरं वाटणं यात फरकच उरत नाही.

स्टेथो

डॉक्टरांचं नाव निघालंच आहे तर माझे दोन पैसे.

१९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. त्यावर रोनाल्ड फिशर अडून बसला. आधुनिक संख्याशास्त्राच्या जनकांपैकी एक, स्वतः पाइप ओढणारा आणि तंबाखू उद्योगाच्या समितीचा सल्लागार. त्याचा आक्षेप असा, की सिगारेटची ओढ आणि कर्करोग दोन्ही एकाच आनुवंशिक कारणातून येत असतील. त्यासाठी त्यानं जुळ्यांची माहिती पुढे केली: एकसारख्या जुळ्यांच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा जास्त जुळतात. वस्तुस्थितीबाबत तो साफ चुकला. धूम्रपानानं कर्करोग *होतो*, यात आज काडीचाही संशय नाही. (वाचताय ना, चुना मळणारे?)

पण त्याचं म्हणणं क्षणभर खरं धरा. जनुक असेल तर आहे, नसेल तर नाही. सिगारेट पेटवल्यानं ते अंगात शिरणार नाही. अशा काल्पनिक जगात आवडणारी सिगारेट सोडणं म्हणजे वाईट बातमी कानावर येऊ नये म्हणून सुख सोडणं. तिथे कुणालाही विचारा, ओढ म्हणतील. निशिगंधाताई, तिथे तुम्हीही लंबकच्याच बाजूला असाल.

आणि माणसं बातमी 'घडवायला' जातात हे नुसतं तत्त्वज्ञांच्या डोक्यातलं नाही. क्वात्रोन आणि ट्व्हर्स्की यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावलं, सहन होईल तितका वेळ. मग सांगितलं की हृदयं दोन प्रकारची असतात, एक धडधाकट आणि एक लवकर दगा देणारं. काहींना सांगितलं की व्यायामानंतर धडधाकट हृदयवाल्यांना गार पाणी जास्त वेळ सोसतं. काहींना नेमकं उलटं सांगितलं. व्यायाम झाल्यावर पुन्हा हात पाण्यात. पहिल्या गटातल्यांनी हात जास्त वेळ ठेवला, दुसऱ्या गटातल्यांनी लवकर काढला. हातामुळे हृदय बदलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुद्दाम केलंत का, असं विचारल्यावर बहुतेक जण नाही म्हणाले. माझ्या ओपीडीत रिपोर्टच्या आदल्या दोन दिवसांत गोड बंद करणारे येतात, ते याच गटातले.

निशिगंधा

@स्टेथो, सिगारेटच्या उदाहरणात मीही ओढेन, मान्य. पण त्यासाठी कॉजल पंथाची पावती फाडायची गरज नाही. जनुक काम करणार ते ओढ निर्माण करूनच. ती ओढ मला आधीच जाणवते आहे. म्हणजे वाईट बातमी तेव्हाच कळून चुकली, सिगारेट पेटवल्यानं नवीन काही कळत नाही. एलरी ईल्सनं १९८० च्या दशकात हीच वाट दाखवली. पेट्यांच्या बाबतीत भाकितवाल्याला माझ्यातलं काय दिसलं हे मला आतून जाणवत नाही, म्हणून तिथे कृती ही खरोखर नवी बातमी असते. दोन उदाहरणं एका दावणीला बांधू नका.

घाटमाथा

त्या १९८४ च्याच निबंधात मतदानाचाही प्रयोग आहे. निवडणुकीचा निकाल तुमच्या पक्षाचे समर्थक किती संख्येनं बाहेर पडतात यावर ठरणार, असं सांगितलं तर लोक मतदानाला जास्त तयार होतात. कुंपणावरच्या लोकांवर ठरणार म्हटलं की कमी. एका मताचं वजन दोन्हीकडे तेवढंच. पण पहिल्या बाबतीत 'मी निघालो म्हणजे माझ्यासारखे बाकीचेही निघाले असणार' असं वाटतं.

यावर माझं मत असं, की कॉजल हिशोबानं सगळे वागले तर आमच्या सोसायटीची वार्षिक सभा कोरमअभावी कायमची तहकूब राहील. तसंही राहतेच म्हणा.

शेंगदाणा

कोरम नसला की अर्ध्या तासानं त्याच जागी तीच सभा. हा तोडगा नोझिकलाही सुचला नसता.

हेमांगी_क

घाटमाथाच्या मुद्द्याला जोडून. लुईसनं १९७९ मध्ये दाखवलं की कैद्यांची कोंडी (दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात: गप्प राहणार की जोडीदाराला अडकवणार?) म्हणजे न्यूकमचंच कोडं, दुहेरी. माझ्यासारखाच विचार करणारा दुसरा कैदी म्हणजे माझा भाकितवाला. मी गप्प राहिले तर बहुधा तोही गप्प राहिला असणार.

१९८३ मध्ये डग्लस हॉफस्टाटरनं हे करून बघितलं. वीस हुशार ओळखीच्यांना पत्र पाठवलं: एकदाच निवडा, सहकार्य की दगा, आणि तुमची निवड बाकी एकोणीस जणांशी लावली जाईल. दोघांचं सहकार्य असेल तर ३-३ डॉलर, दोघांचा दगा असेल तर १-१, एकट्यानं दगा दिला तर त्याला ५ आणि दुसऱ्याला शून्य. सगळ्यांनी सहकार्य केलं असतं तर प्रत्येकी ५७ डॉलर. सगळ्यांनी दगा दिला असता तर १९. झालं काय, तर १४ जणांनी दगा दिला आणि ४३ मिळवले. सहा जणांनी सहकार्य केलं, त्यांना १५ मिळाले. हॉफस्टाटर फार हिरमुसला. त्याच्या मते खरा तर्कशुद्ध माणूस म्हणेल, 'बाकीचेही माझ्याइतकेच तर्कशुद्ध, म्हणजे उत्तर सगळ्यांचं एकच येणार. मग ५७ चं उत्तर निवडू.'

मला हे पटतं आणि पटतही नाही. ज्या सहा जणांनी ऐकलं त्यांचे पैसे बाकीच्यांनी खाल्ले.

लंबक

@हेमांगी_क, सहा जणांच्या पंधरा डॉलरांतच उत्तर आहे. 'सगळ्यांचं उत्तर एकच येणार' हे गृहीतक चुकलं, की कॉजलवाला खात्यात ४३ जमा करतो.

तत्त्वज्ञांमध्येही एकमत वगैरे नाही. २०२० च्या फिलपेपर्स पाहणीत साधारण ३९ टक्के दोन्ही पेट्या म्हणाले, ३१ टक्के एक. उरलेल्यांनी कुंपण गाठलं.

निशिगंधा

दगा देऊन ४३ मिळाले याचा आनंद मानणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. दमास्कसच्या बाजारात एका माणसाला मृत्यू भेटतो. म्हणतो, 'उद्या तुला न्यायला येतो.' माणूस रातोरात अलेप्पोला पळतो. सकाळी तिथे मृत्यू हजर. 'माझ्या वहीत आजची भेट अलेप्पोलाच होती,' तो म्हणतो. गिबर्ड आणि हार्पर यांनी १९७८ मध्ये ही गोष्ट स्वतःच चर्चेला घेतली, म्हणजे ती तुमच्याच घरातली आहे.

मृत्यूची वही भाकितावर चालते. आता कॉजल पद्धतीनं विचार करा. 'मी अलेप्पोला जाणार' असं वाटू लागलं, की मृत्यू तिकडे असणार, म्हणून दमास्कस बरं. 'राहतो दमास्कसला' असं ठरवलं, की तो इथे असणार, म्हणून अलेप्पो बरं. रात्रभर स्टँडवर येरझाऱ्या.

पण खरी मेख पुढे आहे. अरिफ अहमद या तत्त्वज्ञानं २०१४ मध्ये यात एक नाणं आणलं. मृत्यूला माणसाचा निर्णय ओळखता येतो, पण नाणं कुठल्या बाजूनं पडेल हे ओळखता येत नाही. थोडे पैसे भरून तुम्ही नाणेफेकीवर गाव ठरवू शकता. स्वतः ठरवलंत तर मरण जवळजवळ नक्की. नाण्यावर सोपवलंत तर वाचायची शक्यता निम्मी. कुणीही शहाणा माणूस पैसे भरेल.

कॉजल हिशोब काय म्हणतो? मृत्यू अलेप्पोत असण्याची शक्यता तुम्हाला समजा ६० टक्के वाटते. मग दमास्कसला राहून वाचायची शक्यता ६० टक्के. ती ४० वाटत असेल तर अलेप्पोला जाऊन ६०. अगदी ५० असेल तर कुठेही ५०. दोनांतला बरा पर्याय ५० च्या खाली जाऊच शकत नाही, नाणं देणार नेमके ५०, वर त्याचे पैसे. म्हणून तुमचा सिद्धांत नाणं कधीच विकत घेत नाही आणि दर वेळी मरतो. इथे अतार्किक वागणाऱ्यासाठी कुणी बक्षीस ठेवलेलं नाही. मृत्यूला तुमच्या तत्त्वज्ञानाशी देणंघेणं नाही. आता बोला.

अर्धाकप

दंडवत. धागा वाचनखुणांत टाकला.

लंबक

@निशिगंधा, हा वार लागलाय हे मान्य न करणं खोटेपणाचं होईल. कॉजल पंथातले लोक इथे वेगवेगळ्या वाटांनी जातात. काही म्हणतात की विचार करता करता स्वतःबद्दलचा अंदाज जिथे स्थिरावतो तिथे थांबायचं, आणि तिथे दोन्ही गावं सारखीच. मला ते सांत्वन पुरत नाही.

माझं म्हणणं असं: प्रश्न वेळेचा आहे. वही भरायच्या आधी नाणं विकायला आलं तर कॉजलवाला ते आनंदानं घेईल, कारण तेव्हा ते घेतल्यानं मृत्यू कुठे जाईल हे खरोखर बदलतं. वही मिटल्यावर नाण्यानं मृत्यू इंचभरही हलत नाही. पेट्यांचंही तेच. भाकिताच्या आधी मला एकपेटीवाला बनवणारं काहीही मिळालं तर मी त्यासाठी हजारो डॉलर मोजेन. नंतर दमडी नाही. 'आता काय करावं' आणि 'कसा माणूस असावं' हे दोन प्रश्न आहेत. तुम्ही दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या कागदावर लिहून मार्क मागताय.

घाटमाथा

@लंबक, 'आधी' ही पळवाट दर वेळी मिळत नाही. डेरेक पार्फिटचं उदाहरण घ्या (१९८४). वाळवंटात गाडी बंद पडली आहे. एक ड्रायव्हर येतो. म्हणतो, गावात पोचल्यावर पैसे देशील तर नेतो. खोटं बोललेलं त्याला चेहऱ्यावरून कळतं. कॉजलवाल्याला स्वतःबद्दल ठाऊक आहे की गावात पोचलो की काम झालेलं असेल, मग पैसे द्यायचं कारण उरणार नाही. म्हणून 'देतो' असं तो मनापासून म्हणूच शकत नाही, आणि ड्रायव्हर निघून जातो. इथे निर्णय वचन देण्याआधीचाच आहे, तरी मेला ना? घाटात टायर पंक्चर झालेल्या कुणालाही विचारा, गावात पोचल्यावर पैसे देणारी माणसं मूर्ख असतात का?

कोडगाव

माझा रोजचा धंदा प्रोग्रामचा, म्हणून एक वेगळा कोन. भाकितवाला जादूगार नसून त्यानं काल माझा कोड चालवून बघितला असं समजा. म्हणजे माझ्या निर्णयप्रक्रियेची एक प्रत काल चालली, दुसरी आज चालतेय. एकाच फंक्शनला एकच इनपुट दिलं तर आउटपुट एकच येणार. मग 'आजच्या प्रतीनं काय निवडावं' हा सुटा प्रश्न उरतच नाही, निवड फंक्शनची होते. युडकोव्स्की आणि सोअर्स यांनी २०१७ मध्ये 'फंक्शनल' निर्णयसिद्धांत मांडला तो साधारण हाच. त्यानुसार पेटी एकच, वाळवंटातल्या ड्रायव्हरला पैसे द्यायचे, आणि सिगारेटच्या काल्पनिक जगात मात्र ओढायची, कारण जनुक तुमचं फंक्शन चालवून बघत नाही.

लंबक

@कोडगाव, फंक्शनची निवड ही कल्पना मोहक आहे, पण माझ्या हातात फंक्शन नाही, फक्त आजचं चालणं आहे. कालची प्रत चालून गेली. तिचं उत्तर वेगळं आलं *असतं तर* असं म्हणायला तुम्हाला गणितातली एक अशक्य गोष्ट शक्य धरावी लागते, आणि ती नेमकी कशी धरायची हे अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

@घाटमाथा, पैसे देणारी माणसं मूर्ख नसतात. शब्द पाळण्यातच त्यांना काहीतरी मोलाचं वाटतं, आणि ते मोल हिशोबात धरलं की कॉजलवालाही गावात पोचून पैसे देतो. ज्याला शब्दाचं काहीच वाटत नाही अशा माणसाला पार्फिटनं वाळवंटात सोडलंय.

निशिगंधा

मग थेट विचारते. भाकिताच्या आदल्या दिवशी एक गोळी मिळाली, घेतली की माणूस मनापासून एकपेटीवाला होतो. घ्याल?

लंबक

डोळे मिटून. मग दुसऱ्या दिवशी एकच पेटी उचलेन आणि तेच बरोबर आहे असं इथे येऊन तावातावानं लिहीन.

निशिगंधा

म्हणजे तुमच्या सिद्धांताचा पहिला सल्ला काय, तर मला टाकून द्या.

लंबक

हो. गोळी विकणारा समोर असेल तर हाच सल्ला बरोबर आहे. पण गोळीनं माझं मत बदलेल, दुसऱ्या दिवशीच्या पेटीत काय आहे ते माझ्या उचलण्यानं ठरत नाही ही वस्तुस्थिती बदलणार नाही. पार्फिटलाही एखादा सिद्धांत स्वतःला विसरायला सांगतो म्हणून तो खोटा ठरतो असं वाटत नव्हतं. राहिलं नाणं. त्यावर माझ्याकडे वेळेच्या मुद्द्यापलीकडे उत्तर नाही, आणि दमास्कसमध्ये असतो तर बहुधा पैसे भरले असते.

निशिगंधा

एवढं पुरे. पेट्यांवर उद्या भांडू.